नवी तक्रार : नाही

३ जुलै

आज हॉस्पिटलने हिरव्या पुठ्ठ्याची एक वही दिली. रोज भरायची. किती फिट आल्या, औषध किती वाजता दिलं, आणि शेवटी ‘नवी तक्रार’. त्या रकान्यात माझं एक वाक्यसुद्धा मावणार नाही, आणि मला तर बोलायला लागले की थांबवावं लागतं. म्हणून ह्यांच्या युनिटमधून आलेली गेल्या वर्षीची कोरी डायरी काढली. वार चुकीचे आहेत, पण तेवढं चालवून घेऊ.

कादंबरी, म्हणजे आमची कादू, दहा वर्षांची आहे. पहिली फिट आली तेव्हा चार वर्षांची होती, आम्ही झाशीला होतो. तेव्हापासून तीन औषधं झाली. एकाने ती दिवसभर झोपायची, एकाने चिडायची, तिसऱ्याने काहीच झालं नाही. गेल्या महिन्यात अकरा फिट आल्या. अकरावी कॅन्टीनच्या पायऱ्यांवर, हनुवटीला चार टाके. मिलिटरी हॉस्पिटलच्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे होतं ते सगळं देऊन झालं. मग ह्यांना कुणीतरी सांगितलं की गुडगावच्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे आणि त्यात मुलं घेतात.

डॉक्टर अक्षया सूद बाई चांगल्या वाटल्या. म्हणाल्या, औषध मोठ्यांवर तपासून झालंय, मुलांवर पहिल्यांदाच. मुलं म्हणजे लहान आकाराची मोठी माणसं नव्हेत, म्हणून मुलांवर वेगळं पाहावं लागतं. बावीस पानांवर आम्ही दोघांनी सह्या केल्या. ह्यांनी पहिली पाच वाचली, मी सहीची जागा वाचली. मग कादूसाठी चित्रांचा वेगळा कागद होता. कॅमेरा सुरू करून डॉक्टरांनी तिला विचारलं, “बेटा, तुम्हारी मर्ज़ी हो तो ही. ना भी कह सकती हो, कभी भी. कोई नहीं डाँटेगा.”

कादूने बाबांकडे पाहिलं. बाबांनी हनुवटी जरा वर केली. कादू ताठ बसून म्हणाली, “यस सर!”

बाईंना यस सर. सगळे हसले, मीही हसले. आता मुलांना काय विचारायचं असतं? पोलिओचे थेंब काय हिला विचारून पाजले होते?

१२ जुलै

कालपासून तीनदा उलटी. सकाळी उठली तर म्हणाली, “आई, फर्श हिल रहा है.” मी म्हटलं, मराठीत सांग. तर “जमीन हलतेय” एवढं आठवायला तिला वेळ लागला. दिल्लीने पोरीची भाषा पार धुऊन काढली आहे.

मी हिरव्या वहीत लिहायला बसले, तर ह्यांनी पेनावर हात ठेवला. “काय लिहितेस?”

“उलटी, चक्कर.”

“उत्तरा, त्या कागदात काय होतं आठवतंय? त्रास जास्त झाला तर मुलाला अभ्यासातून काढतील. एकदा काढलं की परत घेत नाहीत.”

ह्यांना हे शिकवावं लागत नाही. हवालदार दिनकर जगताप, वीस वर्षं फौज, उजवा गुडघा चार वर्षांपासून गेलेला. पण दर वर्षी मेडिकलच्या आधी आठ दिवस गुपचूप मालिश आणि त्या दिवशी दोन गोळ्या, मग डॉक्टरसमोर उठाबशा काढतात आणि घरी येऊन दारातच खाली बसतात. दुखतंय म्हटलं की मेडिकल कॅटेगरी खाली, आणि कॅटेगरी खाली म्हणजे नायब सुभेदाराची बढती विसरा. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या प्रत्येक घरात असा एकेक गुडघा, कंबर, कान लपवलेला आहे. बायका एकमेकींना मालिशचं तेल सुचवतात, त्यापुढे कुणी विचारत नाही.

मग मी लिहिलं, नवी तक्रार : नाही. माझं अक्षर छान आहे, शाळेतल्या बाई नेहमी म्हणायच्या. ‘नाही’ सुरेख आलं.

कादू दारात उभी होती. बाबांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, “डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगायचं?” ती म्हणाली, “सब ठीक है.” “शाब्बास.”

३१ जुलै

आज तपासणी. दर चौथ्या बुधवारी जायचं असतं. उलट्या बंद झाल्यात, चक्करही नाही. बघा, उगाच लिहिलं असतं.

बाकावर भानुमती नावाची बाई भेटली. मूळची बिहारची, मानेसरला राहते, नवरा गाड्यांच्या सीटबेल्टच्या कारखान्यात. तिचा नीरज आठ वर्षांचा, त्यालाही हेच औषध. शेअर ऑटोत नीरजला मांडीवर घेऊन येते, रस्त्यात फिट आली तर लोक उतरवतात म्हणून डोक्यावरून ओढणी घालते त्याच्या. हे सांगताना हसत होती. मला तिथेच रडू आलं आणि राग आला, स्वतःचाच. आमच्याकडे निदान युनिटची गाडी मिळते. आम्ही फोन नंबर घेतले.

२ ऑगस्ट

नऊ दिवस. शेवटची फिट चोवीस जुलैला आली होती, त्यानंतर नाही. सहा वर्षांत नऊ दिवस सलग कधी गेले नव्हते. मी कुणाला सांगत नाही, दृष्ट लागेल. पण इथे लिहिते: नऊ, नऊ, नऊ.

१९ ऑगस्ट

सव्वीस दिवस! सव्वीस. आज पुरणपोळी केली आणि शेजारी वाटली. काय निमित्त विचारलं तर म्हटलं, काही नाही, डाळ जास्त भिजली.

कादू शाळेत बॅडमिंटनला जाऊ लागलीय. आधी पीटीचे सर तिला झाडाखाली बसवून ठेवायचे. आता रॅकेट घेऊन घरभर उड्या मारते आणि वाटेत येईल ते पाडते. आज दुधाचं पातेलं सांडलं, टेबलाच्या कोपऱ्यावर कंबर आपटली, काळंनिळं झालंय. मी म्हटलं, “डोळे आहेत की बटणं?” तर म्हणाली, “आई, यार, जानबूझकर नाही केलं.” धांदरट कुठली. पण ओरडतानाही मला बरंच वाटत होतं. शुद्धीत असलेल्या पोरीला ओरडायची चैन कधी मिळाली होती?

२८ ऑगस्ट

पस्तीस दिवस. डॉक्टर सूद खूश. अभ्यास सांभाळणारा जयेश वही चाळून म्हणाला, “मॅडम, आपकी डायरी सबसे साफ है.” मला उगाच दहावीत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

डॉक्टर तिला एकटीला आत घेतात, आईबापांशिवाय. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारलं गं? “कोई नई तकलीफ?” “मग?” “सब ठीक है म्हटलं.” आणि मग माझा हात धरून जिना उतरली. हल्ली जिना असला की हात धरतेच, रस्ता ओलांडताना तर इतका घट्ट की बांगडी रुतते. दहा वर्षांची घोडी झाली आणि आता लाडात आलीय. येऊ दे. इतकी वर्षं फक्त पकडायलाच हात लावला मी तिला, पडताना.

१४ सप्टेंबर

बावन्न. शाळेतून तक्रार आलीय. पीटीचे सर म्हणतात, खेळात लक्ष नाही, समोरचं शटल बरोबर मारते आणि बाजूचं सोडून देते, पळायचा कंटाळा. तिची मैत्रीण सुनयना घरी येऊन रुसून गेली की कादू आता भाव खाते, शेजारून हात हलवला तरी बघत नाही. मी कादूला विचारलं तर ती वहीत डोकं घालून बसली. शिष्ट झालीय का? मोठी होताना मुली अशा होतात म्हणे. माझी बहीणही अशीच होती.

हिरव्या वहीत ह्या गोष्टी लिहायच्या नसतात, तिथे तक्रार म्हणजे शरीराची. मी नाही लिहिलं.

२५ सप्टेंबर

त्रेसष्ट. आज डोळ्यांची मोठी तपासणी होती. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालायचं, समोर बघत राहायचं, कडेने कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. काल बाबांनी तिला गुरुमंत्र दिला होता. ह्यांच्या बटालियनमध्ये एकाने चष्मा लागू नये म्हणून भिंतीवरचा तक्ता अख्खा पाठ केला होता, वरून खाली आणि खालून वर. ती गोष्ट रंगवून सांगितली आणि म्हणाले, “बटणाचं सोपं आहे. दिसलं की दाबायचं, नाही दिसलं तरी दाबायचं. हसत राहायचं.” आम्ही तिघंही हसलो.

तपासणारी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, “बच्ची बहुत जल्दी जल्दी दबा रही है. रिपोर्ट भरोसे की नहीं आई. छोटे बच्चों में होता है, अगली बार फिर करेंगे.” पुढची वेळ डिसेंबरात. मला हायसं वाटलं. का वाटलं ते मी लिहीत नाही, मला माहीत नाही.

२३ ऑक्टोबर

एक्क्याण्णव दिवस. लिहायला बसले खरी, पण आज आनंद कुठे ठेवलाय ते सापडत नाही.

भानुमतीने मला बाकावरून बाजूला नेलं. म्हणाली, नीरज दाराच्या चौकटीला आदळतो. ताटातली भाजी बाजूची तशीच राहते, ताट फिरवून दिलं की खातो. तिने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, पण पोर घुमटात तोंडच घालत नाही, रडतो. म्हणाल्या, नीरजच्या मेंदूला जन्मतःच इजा आहे, त्यामुळेही असं होऊ शकतं. औषधाने असेल तर इतर मुलांमध्येही दिसायला हवं, पण बाकी एकाही मुलाची अशी तक्रार नाही. तुम्ही म्हणाल तर थांबवू, म्हणाल तर चालू ठेवू.

मग तिने मला विचारलं, “दीदी, आपकी वाली को तो कुछ नहीं ना हुआ? सच बताइए.”

मी म्हटलं, “नहीं. बिल्कुल ठीक है.”

“कसम से?”

“अरे, बिल्कुल.”

तिने मोठा श्वास सोडला. “तब ठीक है. आपकी बच्ची ठीक है तो मैं भी चालू रखती हूँ. इसको भी तीन महीने से दौरा नहीं पड़ा.”

मी काय चुकीचं सांगितलं? त्याच्या मेंदूला इजा आहे, आमच्या कादूच्या नाही. आमची धांदरट आहे, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. कंबरेला लागलं म्हणून कुणी डोळे तपासत नाही.

एक्क्याण्णव दिवसांत मी एकदाही कुकरची शिट्टी ऐकून दचकले नाही. ते परत नको मला. देवा, ते परत नको.

३१ ऑक्टोबर

दिवाळी. दुपारी दारात रांगोळी काढली, मोठी, मोर. कादू माझ्या शेजारीच उभी राहून रंगांची डबी धरत होती. शेवटचा रंग भरला आणि ती वळली आणि सरळ मोरावरून चालत गेली. घाईत नव्हती. हळू, पाय नीट टाकत, मोराच्या पिसाऱ्यावरून.

मी ओरडले. ती थांबली, मान पूर्ण खाली आणि मग पूर्ण बाजूला वळवली, आणि पायाखालचे रंग पाहिले. कोंबडी दाणा बघते तशी मान वळवून. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, पकडली गेल्याची भीती होती.

मी तिला घरात नेऊन खुर्चीवर बसवलं. म्हटलं, माझ्या नाकाकडे बघ. आणि माझं बोट तिच्या कानापासून पुढे आणू लागले.

“आई, बोट नको हलवू,” ती म्हणाली. “मला माहितीय किती दिसतं.” आणि तिने दोन्ही हात तोंडापुढे उभे धरले, एखाद्या पुस्तकाएवढं अंतर ठेवून. “एवढं. इधर से इधर. पहिल्यांदा जास्त होतं.”

“कधीपासून?”

“राखीच्या आधीपासून.”

“आणि तू सांगितलं नाहीस!”

“सांगितलं तर काढून टाकतात ना. मग फिट येणार आणि तू रडणार.” मग घाईने म्हणाली, “पण मी मॅनेज करते आई. मान वळवली की सगळं दिसतं. रांगोळीचं सॉरी.”

मी तिच्यावर हात उगारला नाही, तिला कुशीतही घेतलं नाही. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. डोळे आहेत की बटणं, असं मी विचारलं होतं. जिन्यात हात धरते म्हणून मला लाड वाटले होते. लाड!

१ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, “समोरचं दिसतंय ना पण?”

“अहो, काय बोलताय!”

“मी हिशोबाचं बोलतोय. औषध बंद केलं तर फिट येणार. रस्त्यात आली तर? पाण्याजवळ आली तर? चिंचोळं दिसणारी माणसं जगतात, उत्तरा. मान वळवून जगतात.”

“आणि उद्या समोरचंही गेलं तर?”

बंद केलं तर माझी पोर फेस येऊन जमिनीवर पडणार, चालू ठेवलं तर तिचा अंधार वाढणार. दोन्हीवर सही मीच करायची. लाइनीतल्या बायका फराळाची ताटं घेऊन येत होत्या, आणि मी हसून चकली कुरकुरीत झालीय का विचारत होते.

हे शेवटी म्हणाले, “महिनाभर थांबू. डिसेंबरात तपासणी आहेच.” ह्यांचा गुडघा चार वर्षं असाच थांबलाय.

२ नोव्हेंबर

बावीस पानं काढून वाचली. पूर्ण, बोट फिरवत. नवव्या पानावर आहे. ‘कुछ वयस्क रोगियों में किनारे की दृष्टि कम होने की शिकायत देखी गई है. ऐसा कुछ लगे तो तुरंत बताएँ. समय पर बताने से आगे का नुकसान रोका जा सकता है.’ खाली आमच्या दोघांच्या सह्या. माझी सही फारच सुरेख आहे.

म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. मी ज्याला ज्याला मनातल्या मनात शिव्या देत होते, त्या सगळ्यांना आता काय म्हणू? डॉक्टरांनी घुमटाची तपासणी लगेच परत करायला हवी होती, हे खरंच. पण त्यांच्याकडे एकशेवीस दिवसांचं माझ्या अक्षरातलं ‘नाही’ होतं.

आणि नीरज. बाकी एकाही मुलाची तक्रार नाही, ह्यातली बाकी म्हणजे मी.

ह्यांना न विचारता जयेशला फोन केला. लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी ह्यांना न विचारता केलं. तो म्हणाला, सोमवारी सकाळी या, औषध एकदम बंद करू नका, तसं केलं तर मोठी फिट येते.

४ नोव्हेंबर

मी एकटी निघणार होते. हे युनिफॉर्ममध्येच दारात येऊन उभे राहिले आणि गाडीत बसले. डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, “मैडम, बच्ची को झूठ बोलना मैंने सिखाया. वाइफ को भी मैंने ही रोका.” मला ह्यांचा इतका राग आला होता, आणि त्या क्षणी ह्यांचा दुखरा गुडघा थरथरताना दिसला आणि तो राग कुठे ठेवावा कळेना.

डॉक्टर सूद रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कपाळ धरून बसल्या. म्हणाल्या, “मुझे भी टेस्ट दोबारा करवाना चाहिए था. उसी हफ्ते.”

मग घुमट. ह्या वेळी कादूला सांगितलं की दिसेल तेव्हाच दाबायचं. मी दाराबाहेर उभी होते. आतून बटणाचा आवाज येतोय का ऐकत होते. बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. मग एकदा टक. मग परत काही नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, दाब गं, दाब.

डॉक्टर म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं टिकेल, औषध हळूहळू उतरवलं तर. फिट परत येतील का? बहुतेक येतील.

डॉक्टरांनी कादूला एकटीला आत घेतलं. वीस मिनिटं. तेवढ्यात भानुमती नीरजला घेऊन आली. सगळ्याच मुलांना बोलावून घेतलं होतं. मला बघून तिचा चेहरा खुलला. “दीदी, क्या हुआ, सबको क्यों बुलाया?”

मी सांगितलं. सगळं, उलट्यांपासून. माझं हिंदी तुटत होतं.

ती ऐकत राहिली. मग एकच विचारलं, “जब मैंने पूछा था, तब आपको पता था?”

मी म्हणू शकले असते, नव्हतं. लिहून ठेवलंय ना मी इथे, दोन्ही गोष्टी वेगळ्या म्हणून. पण मी म्हटलं, “पता करना नहीं चाहती थी.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने नीरजला उचललं आणि दूरच्या बाकावर जाऊन बसली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याला काहीतरी विचारत होती. तो तिच्याकडे सरळ बघत होता आणि हसत होता.

कादू बाहेर आली. डोळे सुजलेले. बाबांनी विचारलं, “काय सांगितलंस?”

“कमी करा म्हटलं.”

“फिट येतील गं बाळा,” मी म्हटलं.

“हो. त्यांनी ते आधी सांगितलं. सगळं सांगितलं, मग विचारलं.” आणि ती बाबांकडे न बघता म्हणाली, “मी त्यांना यस सर नाही म्हटलं.”

५ नोव्हेंबर

जयेशने हिरवी वही परत दिली आहे. जुनं खोडून टाकायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही आणि आजची तारीख. मला कुठे आठवणार होतं कोणत्या दिवशी काय झालं? पण ह्या डायरीत सगळं आहे. पातेलं, टेबलाचा कोपरा, सुनयना, जिना. मी ते ते पान उघडते आणि तिथून उतरवून घेते. चौदा ठिकाणी झालं, अजून राहिलंय. प्रत्येक रेघेखाली माझं जुनं अक्षर दिसतं.

भानुमतीला तीन फोन केले, उचलला नाही. जयेश एवढंच म्हणाला की नीरजचंही औषध उतरवायला घेतलंय. त्याचं नेमकं किती गेलं ते मोजता येत नाही, तो अजून घुमटात तोंड घालत नाही.

२२ नोव्हेंबर

धुरामुळे शाळा बंद, क्लास घरून. कादू मोबाइलसमोर टेबलाशी होती, मी तिच्या उजवीकडे मटार सोलत बसले होते. साडेअकराला तिचा आवाज मध्येच थांबला. मी ताट टाकून उठले. सहा वर्षं केलं तेच केलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात, बटण सैल. मोबाइलमधून बाई भूगोल शिकवत होत्या, ‘कादंबरी, म्यूट पर हो?’ विचारत होत्या. एकशेएकवीस दिवसांनी.

मी रडले नाही. खोटं कशाला, रडले. पण ती शुद्धीवर यायच्या आधी तोंड धुतलं.

ती दोन तास झोपली. उठल्यावर पाणी मागितलं, मग मान वळवून मला शोधलं.

“आली ना?”

“हो.”

“लिहिलंस?”

मी हिरवी वही तिच्या समोर, अगदी मध्ये धरली. फिट एक, साडेअकरा, अडीच मिनिटं. जीभ चावली, डोकं दुखतंय, झोप. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं.

“अजून एक राहिलं,” ती म्हणाली. “त्याच्या आधी तू मला मटार देत होतीस ना, इथून? हात माझ्या गालाला लागला तेव्हा कळलं. तू बाजूला बसलीयस ते मला दिसतच नव्हतं. ते पण लिही.”

मी पेन उघडून लिहिलं.